तिसऱ्या मजल्यावरची वीट

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती आणि वाशीत जिकडे बघावं तिकडे इमारती उठत होत्या. मी नुकताच डिप्लोमा करून साइटवर सुपरवायझर झालो होतो. आपल्याला सगळं येतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आजही फारशी नाही, पण ते जाऊ दे.

विटा हातानंच वर जायच्या. खालचा गडी वीट उडवायचा, वरच्या फळीवरची बाई झेलायची. वर जाताजाता वीट मंदावते, टोकाला क्षणभर थांबते. बाई तिला नेमकी तिथेच धरायची, फडताळातून डबा काढावा तशी.

एकदा तिसऱ्या मजल्यावरची एक भिंत चुकीच्या जागी उभी राहिली. ती पाडून विटा खाली आणायच्या होत्या. त्याची रीत ठरलेली: दर मजल्यावर एक माणूस, प्रत्येकानं फक्त एका मजल्याएवढी पडलेली वीट झेलायची. मला ही माणसांची उधळपट्टी वाटली. मराठवाड्यातून आलेली एक बाई झेलण्यात सगळ्यांत तरबेज होती. तिला मी एकटीला खाली उभं केलं.

"वरून थेट सोडतील. तुम्ही झेला."

"हात मोडंल माजा, साहेब. तितनं लई जोरात येती."

"वीट तीच, वजन तेच. रोज झेलता ना?"

ती बाजूला झाली. सगळे बघत होते. माझं डोकं फिरलं. बाह्या सरसावून मीच तिच्या जागी उभा राहिलो आणि वर ओरडलो, "सोड!"

सुरुवातीला वीट अगदी सावकाश निघाली. भरपूर वेळ आहे, असं वाटलं. खालचे दोन मजले तिनं कधी ओलांडले ते कळलंच नाही. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली.

दोन दिवसांनी प्लास्टर मिरवत साइटवर गेलो. घरी बसून डाव्या हातानं गणित केलं होतं. बाईला ऐटीत समजावलं, "पडणारी वस्तू एका वेगानं पडत नाही. क्षणाक्षणाला वेग वाढतच जातो. तिसऱ्या मजल्यावरची वीट हातात येते ती तासाला पन्नास किलोमीटरच्या आसपास, धावत्या बससारखी."

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "हे गनित तुमाला आदीपास्नं येत व्हतं?"

"म्हणजे काय! परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क होते."

"मग मला का उभं केलं व्हतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उत्तर माहीत होतं. हात माझे नव्हते.