मधला चेंडू

आमच्या टेनिस क्लबात एकट्या माणसाला कोर्ट मिळत नाही. दाराशी एक लाकडी बोर्ड आहे. त्यावर आपलं फोटोवालं कार्ड अडकवायचं, आणि दोन कार्डं शेजारी लागली तरच ते कोर्ट तुमचं. नियम तसा बरा आहे, नाहीतर एकेक जण सर्व्हिसचा सराव करत अख्खी सकाळ कोर्ट अडवून बसेल. पण त्या एप्रिलमध्ये मला त्याचा संताप आला.

एका सकाळी माझी मैत्रीण वीट्स्के आली, खिशातून दोन कार्डं काढली आणि सवयीने दोन्ही अडकवली. एक तिचं, एक डाउवेचं. डाउवे तिचा नवरा. तो जानेवारीतच गेला होता.

मागून रूर्ड आला. त्याला कुणी नेमलेलं नाही, पण बोर्डाची राखण तोच करतो. "दुसरा भिडू कुठाय?" त्याने विचारलं, मग फोटोकडे नजर गेली आणि त्याने जीभ चावली. वीट्स्के मानेपर्यंत लाल झाली. "हात आपोआप गेला रे," म्हणत तिने दोन्ही कार्डं काढली. क्लबच्या कॉफी-बारची पाळी त्या दिवशी माझी होती. मी तोंडाची फटकळ, रूर्डची हजेरी घेणारच होते, पण तिने डोळ्यांनीच मला गप्प केलं. रॅकेट घेऊन ती सायकलींच्या शेडमागच्या सरावाच्या भिंतीकडे गेली. भिंतीला कार्ड लागत नाही.

वीट्स्केने जन्मभर फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवली. बांधावरच्या अरुंद रस्त्यावर, समोरून ट्रॅक्टर आला तरी ती एवढं मोठं धूड निमूट मागे घ्यायची. अशा बाईला बॅकहँड येत नव्हता हे कुणाला खरं वाटणार? पण नव्हता येत. जोडीत ती उजवीकडे खेळायची, डाउवे डावीकडे. मधला चेंडू तिच्या बॅकहँडला यायचा आणि डाउवे "माझा!" म्हणून ओरडत धावायचा. ही बाजूला सरून उभी.

"राणीसरकार, हात तरी उचला," मी चिडवायचे.

"मग नवरा कशाला ठेवलाय?" ती म्हणायची, आणि डाउवे धापा टाकत हसायचा.

मंगळवारी सकाळी आमच्याकडे सगळ्यांची कार्डं एकत्र करून जोड्या काढतात. पुढच्याच मंगळवारी वीट्स्केच्या वाट्याला रूर्ड आला. मधला चेंडू आला की ही सवयीने बाजूला, रूर्डला वाटायचं तिचाच आहे, आणि चेंडू दोघांच्या मधून निवांत निघून जायचा. असं सकाळभर चाललं. शेवटी रूर्ड म्हणाला, "वीट्स्के, मला एकट्यानेच खेळायचं असतं तर मीही भिंतीवर गेलो असतो."

ती हसली. पण कॉफी घेताना मला म्हणाली, "आउक्ये, पुढच्या वेळी माझं कार्ड निघालं की लोक तोंडं वाकडी करणार. मग मी यायचं बंद करीन. मंगळवार गेला तर घरात बोलायला फक्त रेडिओ उरतो गं."

तेव्हापासून ती रोज भिंतीशी. भिंतीवर जाळीच्या उंचीची पांढरी रेघ आहे, सुरुवातीला चेंडू रेघेखालीच जायचे. ती रॅकेट झाडूसारखी धरायची, आणि चेंडू परत येऊन कमरेवर बसायचा. "मागे उभी राहा! भिंत काय पळून जात नाही," मी खिडकीतून ओरडायचे. "तू कॉफी बघ, उतू जाईल," ती उलट ओरडायची. पण मागे सरकायची.

जूनपर्यंत खिडकीतून येणारा आवाज बदलला. आधी एक ठोका आणि मग चेंडू शोधायला झुडपात. आता ठोक्यामागून ठोका. मी कप घेऊन गेले तरी ती थांबायची नाही. "जोरात मारलं की भिंतही जोरात उत्तर देते," ती म्हणाली. "चेंडू येण्याआधी खांदा वळवायचा. एवढंच आहे बघ."

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी पुन्हा तिच्या वाट्याला रूर्ड आला. "अरे देवा," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. समोरच्यांना काय करायचं ते ठाऊक होतं, त्यांनी पहिलाच चेंडू मधोमध टाकला. रूर्ड धावला.

"माझा!" वीट्स्के ओरडली.

रूर्ड जागच्या जागी थांबला. तिचा खांदा आधीच वळलेला होता. चेंडू जाळीवरून खाली उतरत समोरच्या दोघांच्या मधून गेला. मी हातातलं फडकं टाकून टाळ्या वाजवल्या.

सेट संपल्यावर ती आत आली. जिंकली होती, पण चेहरा उतरलेला.

"अगं, काय झालं? झकास मारलास की!"

"इतकं सोपं होतं, आउक्ये," ती म्हणाली. "एका उन्हाळ्यात जमलं. आणि डाउवेला मी आयुष्यभर पळवलं. गुडघे किती दुखायचे त्याचे."

मी तिच्या हातात कॉफीचा कप दिला. "मी सांगितलं होतं त्याला एकदा, शिकव की बायकोला. म्हणाला, अजिबात नाही. ती शिकली तर मी कशाला लागेन?"

वीट्स्केने कप खाली ठेवला आणि ती रडली. दफनाच्या दिवशीही ती आमच्यासमोर रडली नव्हती. मी काउंटरच्या बाहेर येऊन तिचा हात धरून उभी राहिले.

दारातून रूर्डचा आवाज आला, "वीट्स्के! येतेस ना? दुसऱ्या सेटला मला तूच हवीस."

तिने माझ्याच फडक्याने तोंड पुसलं आणि ती गेली.