हापशापाशी कुणीतरी असावं

"वर काय हाय?"

कुठल्याही दारातून आत जाण्याआधी मावशी उंबऱ्यात थांबायच्या, मान मागे टाकून छत बघायच्या आणि हे विचारायच्या. बँक असो, देऊळ असो, लग्नाचं कार्यालय असो. माझ्या भाच्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामालाच गाठलं. तो बिचारा घाईत म्हणाला, "वर देव आहे, मावशी." मावशी म्हणाल्या, "त्याचं न्हाई विचारलं. त्याच्या आन आपल्यामधी काय हाय?"

तुमच्याही ओळखीत असेल असं एखादं माणूस, ज्याच्या एका सवयीवर सगळी गल्ली हसते आणि ती सवय कुठून आली हे सगळ्या गल्लीला ठाऊक असतं. लातूरला आमच्या घरी भूकंपानंतर त्या आल्या, तापानं फणफणलेलं एक पोरगं कडेवर घेऊन. माझी मागची खोली रिकामी होती, चांगली स्लॅबची. ती दाखवली तर म्हणाल्या, "खोली नको मालकीणबाई, अंगण द्या. वर पत्रा टाकते." मला रागच आला. माझ्या घराला नाव ठेवणारी ही कोण? पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि अंगण दिलं. तेव्हापासून घरमालकीण मी आणि हुकूम त्यांचा.

औशाच्या पलीकडचं त्यांचं गाव. दगडाच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं माळवद, तिकडची सगळी घरं तशीच. गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. पोराला ताप होता म्हणून मावशी त्याला घेऊन ओसरीवर निजल्या. नवरा आणि धाकटी सुमी आत. जमीन हलली तशा मावशी पोराला उचलून पळाल्या आणि मागे घर बसलं. नवऱ्याचा देह सापडला. सुमी मात्र त्यांच्या नजरेला पडलीच नाही. ढिगाऱ्यातून निघालेल्या माणसांना एकत्रच अग्नी द्यावा लागला होता, इतकी माणसं. त्यात सुमी होती की नव्हती, हे त्यांना कुणीच नीट सांगू शकलं नाही.

पुढे आमच्या भागात क्लासेसचं पेव फुटलं. भोकर, हिमायतनगर, जळकोट, कुठून कुठून पोरं गाद्या आणि पेट्या घेऊन यायला लागली. डॉक्टर व्हायचं सगळ्यांना, आणि भाकरी थापता येत नव्हती एकालाही. मावशींनी पत्र्याखाली मेस घातली. पिठलं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि रविवारी वांगं. मेसचा नियम एकच. कोपऱ्यात पाण्यानं भरलेला तांब्या, त्यावर पालथा पेला. "वाजलं की पळायचं. ताट तसंच टाकायचं."

जमीन हलली तर कळावं म्हणून भूकंपानंतर काही दिवस साऱ्या लातूरनं असे तांबे-पेले रचून ठेवले होते, मीही. मग आम्ही सगळे त्याच पेल्यांनी पाणी प्यायला लागलो. मावशींनी पेला काही उचलला नाही. एकदा एका वात्रट पोरानं मुद्दाम तांब्याला धक्का दिला. पेला खणखणला आणि मावशी हातातल्या उलथन्यासकट रस्त्यावर. पोरं खो-खो हसली. मावशी परत आल्या आणि पेला तांब्यावर पुन्हा नीट पालथा घातला. त्या पोरानं संध्याकाळी येऊन पाय धरले. त्यानंतर त्या कोपऱ्याकडे कुणी फिरकलं नाही.

वर्षातून एक दिवस मेस बंद असायची. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. "गावाकडं जाऊन येते," म्हणायच्या. मला वाटायचं, काही विधी करत असतील.

पोरगा हुशार निघाला. मोठा इंजिनियर झाला आणि नोकरीला गेला कुठं, तर सॅन फ्रान्सिस्कोला. हे गाव भूकंपांसाठी जगात प्रसिद्ध! मी फोनवरच झापलं त्याला, "अरे, साऱ्या पृथ्वीवर तुला हलणारीच जमीन सापडली का रे?" तो हसला. "काकू, नोकरी जिथं तिथं जावं लागतं. तुम्ही आईला घेऊन या. मला तिला इथंच ठेवून घ्यायचंय."

मावशींनी नाही-नाही म्हणत कित्येक वर्षं काढली. शेवटी म्हणाल्या, "मालकीणबाई येत असल्या तर येते. पन ऱ्हानार न्हाई." मी कसली सोडते? माझी बॅग भरलेलीच होती.

पोरानं मुद्दाम लाकडाचं घर घेतलं होतं. "आई, दगड नाही बघ कुठं. वाजवून बघ." मावशींनी एकूणएक भिंत बोटानं वाजवली. मान डोलावली. आणि रात्री दोन गोधड्या घेऊन मागच्या व्हरांड्यात जाऊन निजल्या. तिथं धुकं असं येतं की हाडं गारठतात. सून नांदेडची, गुणी पोरगी, एका लहानग्या लेकीची आई. ती कळवळून म्हणाली, "काकू, शेजारी काय म्हणतील?" म्हटलं, "म्हणू दे. इंग्रजीतच म्हणतील."

दिवसा मात्र हिंडायची चंगळ. चढ-उताराच्या रस्त्यांवरून तारेनं ओढलेल्या ट्राम जातात आणि माणसं पायरीवर बाहेर लटकतात, हौसेनं. मावशी म्हणाल्या, "आपल्या जळकोटच्या जीपीत फुकट लटकता येतं की." पण चढल्या, आणि नातीचा हात धरून बाहेरच्या बाजूनंच बसल्या, वर छत नको म्हणून. धक्क्यावर समुद्रसिंह नावाची जनावरं फळ्यांवर लोळत पडली होती, म्हशी डबक्यात पडतात तशी, आणि ओरडायचीही तशीच बेसूर. मावशी तिथून हलेनात. आंबटसर पाव खाल्ला, तर मला हळूच, "शिळा दिला बगा." समुद्रातल्या एका बेटावर जुना तुरुंग आहे, लोक तिकीट काढून कोठडीत उभे राहतात. मावशींनी नावेतून उतरून दगडी भिंत बघितली आणि बाहेरच बसल्या.

सगळ्यात आवडला तो पूल. म्हणायला सोन्याचा, रंग आपल्या एस्टीचा. आम्ही मधोमध गेलो तर वारा असा की पदर आवरेना. मावशी मान वर करून खुशीत म्हणाल्या, "हितं बरं हाय. वर काय न्हाई."

"खाली समुद्र आहे, मावशी!"

"असू द्या की. समुद्र अंगावर पडत न्हाई."

हसले मी तेव्हा. इतकी मोकळी बाई मी लातूरला कधी पाहिली नव्हती.

मग एका दिवशी पोरानं आम्हाला भर बाजारातल्या एका जुन्या कारंज्यापाशी नेलं. दिसायला काही विशेष नाही, एक लोखंडी खांब. तो सांगायला लागला. फार वर्षांपूर्वी इथं मोठा भूकंप झाला, आग लागली, अर्धं शहर गेलं. तेव्हा ताटातूट झालेले लोक आपलं माणूस शोधायला ह्या कारंज्यापाशी यायचे. अजूनही त्या तारखेला लोक पहाटे इथं जमतात.

मावशींनी वर बघितलं नाही. कारंज्याच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. पोरगं नातीला आइस्क्रीम घ्यायला गेलं तेव्हा माझ्याकडे न बघताच बोलल्या, "आमच्या गावात असं काई ठरलं न्हवतं. मग मीच ठरवलं. हापसा."

"कसला हापसा?"

"जुन्या गावातला. पानी आनायला सुमीच जायची. तिला ती जागा ठाऊक हाय. वर्सातून एक डाव जाऊन थांबते. दिवस मावळंपर्यंत."

म्हणजे इतकी वर्षं ह्या बाई विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तिथं उभ्या राहत होत्या. मी चाचरत म्हटलं, "मावशी, जुनं गाव तर उठलं. तिथं बाभळी आहेत नुसत्या. लोक नव्या गावात गेले."

"त्येच तर! नव्या गावचा पत्ता तिला कुठं ठाऊक? ईल ती जुन्याच गावात. आन मी हितं ऱ्हायले, तर तिथं कोन थांबल?"

स्लॅबची भीती ही गल्लीला दिसणारी गोष्ट होती. खरी गोष्ट त्यांनी आजवर पोरालाही सांगितली नव्हती.

आमची परतायची वेळ जवळ आली. एका सकाळी चहा घेत होतो. मावशींचा तांब्या-पेला तिथंही ओट्यावर होताच. आणि पेला वाजला. आधी हळू, मग खणखण. कपाटातल्या बश्या बोलायला लागल्या. सुनेनं लेकीला ओढलं आणि टेबलाखाली शिरली. तिकडे तसंच शिकवतात, पळायचं नाही, टेबलाखाली घट्ट धरून बसायचं. मी कपबशी हातात धरून येड्यासारखी जागच्या जागी. मावशी मात्र दार उघडून अंगणात पोचल्यासुद्धा.

तिथून त्या वळल्या. मी डोळ्यांनी बघितलं. हलत्या घराकडे तोंड करून त्या उभ्या होत्या, आणि मग आत आल्या. उंबऱ्यात थांबल्या नाहीत, वर बघितलं नाही. सरळ टेबलाखाली घुसल्या आणि नातीला छातीशी घेतलं.

थोड्या वेळानं सगळं शांत झालं. एक बशीसुद्धा फुटली नव्हती. मावशी बाहेर येईनात. नातीच्या केसांतून हात फिरवत एकच म्हणत होत्या, "आले ग बाई. आले बघ मी. आले." नात बावरून म्हणाली, "आजी, मी इथेच होते." सून रडायला लागली. मीही. कुणाला 'आले' म्हणत होत्या, ते मला कळलं होतं.

त्या रात्री मावशी आत निजल्या, नातीपाशी.

विमानतळावर पोरगं काही विचारायला धजत नव्हतं. नात मावशींच्या पदराला लोंबकळून, "आजी, नको ना जाऊस." मावशी मला बाजूला घेऊन गेल्या.

"मालकीणबाई, ही नात मला सोडंना. आन तिकडं सुमीला मी सोडू कशी? तुमी जाताल का हापशावर? वर्सातून एकच डाव. पोर आली तर तिथं कुनीतरी असावं."

मी म्हटलं, "जाईन."

"मावळंपर्यंत?"

"मावळेपर्यंत."

मी एकटी परतले. मेसचं शेड पोरांनीच उतरवलं. आता त्या जागी मोटारसायकली लागतात.

पहिल्या वर्षी गेले ती नुसता शब्द दिला म्हणून. बाभळीतून वाट काढत हापशापाशी पोचले. दोन हात मारले तर कुरकुरत पाणी आलं. तांब्या भरला आणि दगडावर बसले. आपण काय वेडेपणा करतोय, असं मनात आलं. दुपारी मागं पाचोळा वाजला आणि मी झटक्यात वळून बघितलं. कुणी नव्हतं. पण मी वळले, हे खरं. संध्याकाळी फोनवर मावशींनी विचारलं, "आली न्हाई ना?" अगदी साधेपणानं, शाळेतून यायला उशीर झालेल्या पोरीबद्दल विचारावं तसं. मी म्हटलं, "आज नाही आली." दरवर्षी हेच विचारणं आणि हेच सांगणं. तिकडे मावशी पोराला घेऊन तिथल्या भूकंपाच्या तारखेला पहाटे कारंज्यापाशी जायच्या, असं कळायचं.

यंदा उन्हाळ्यात पोराचा फोन आला. आई झोपेतच गेली, आत, नातीच्या शेजारी. वर छत होतं आणि ते जागेवर होतं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी गेले. आता फोन येणार नव्हता, तरी गेले. शेळ्या चारणारा एक म्हातारा मला दरवर्षी लांबून बघतो. ह्या वेळी जवळ आला. म्हणाला, "बाई, कुनाची वाट बघताय हितं?"

आधीच्या कुठल्याही वर्षी त्यानं विचारलं असतं तर म्हणाले असते, एका पोरीची. मी तांब्या भरून दगडावर ठेवला, त्यावर पेला पालथा घातला.

"दोघी यायच्या हायत," म्हटलं.