माफ न करता

निकाल लागला त्या दुपारी अव्वा भाकऱ्या थापत होती. आमच्या घरी आईला अव्वा म्हणायचे. तिचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं निम्मं बोलणं कानडीत चालायचं. अण्णा, म्हणजे वडील, कोर्टातून आले, टोपी खुंटीला अडकवली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"फाशी," एवढंच म्हणाले.

अव्वानं तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती करपायला लागली तेव्हा मीच उलथनं घेतलं. संध्याकाळी गल्लीतले एक नातेवाईक पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "वैनी, पोरीला न्याय मिळाला," म्हणाले. अव्वानं पुडा घेतला, फळीवर ठेवला. कुणी तो उघडला नाही. चार दिवसांनी मुंग्या लागल्यावर तिनं तो नेऊन उकिरड्यावर टाकला.

ज्याला फाशी झाली तो माझा मेहुणा. जिच्या खुनासाठी झाली ती माझी अक्का, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी बहीण. तिच्या पोटात सात महिन्यांचं मूल होतं.

सोलापुरात तेव्हा यंत्रमागांचे कारखाने वाढत होते. मेहुणा तशाच एका कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करून लावणारा. हाताला कसब होतं, बोलणं गोड होतं. दिवाळीला आला की मला शाईचं पेन आणायचा, अण्णांच्या पाया पडायचा. आपल्या लेकीला खांद्यावर बसवून तळ्याभोवती हिंडवायचा. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर सगळे म्हणायला लागले की तो पहिल्यापासून राक्षस होता. तो तसा नव्हता. राक्षस असता तर आमचं दुःख सोपं झालं असतं.

अक्का शिवणकाम करायची. अंगणात चिंचेची कच्ची बोटकं मीठ लावून खायची आणि आंबट लागलं की एक डोळा मिटायची. हसताना तोंडावर हात धरायची, कारण पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांचे नवरे, शेजारचा पोरगा, दूधवाला, मेहुण्याला सगळ्यांचाच संशय यायचा. हे आम्हाला फार उशिरा कळलं. पण आधी अगदीच चाहूल लागली नव्हती असंही नाही. कुबशासाठी, म्हणजे पोटुशीला हिरवं नेसवून ओटी भरतात त्यासाठी, अक्का माहेरी आली होती. जायच्या आदल्या दिवशी ती अव्वाला म्हणाली, "थोडे दिवस राहू दे की गं इथंच."

अव्वा म्हणाली, "बाळंतपणाला येणारच हायस की. आता नवऱ्याच्या जेवणाचे हाल कशाला?"

अक्का गेली. पंधरवडाही झाला नसेल. एका सकाळी मेहुण्यानं तिचा गळा दाबला, दार ओढून घेतलं आणि कारखान्यात जाऊन आपली पाळी केली. फीट आली असेल असं तो नंतर म्हणाला. शेजारच्या तेलुगू बाईनं पोरीचं रडणं ऐकून दार उघडलं, त्या बाईच्याच साक्षीवर खटला उभा राहिला. पाळी शांतपणे केली, हेच न्यायाधीशांनी फाशीचं मोठं कारण धरलं, असं अण्णांनी सांगितलं.

आमच्या लिंगायतांत पुरतात. अक्काला रुद्रभूमीत बसवून माती दिली. बायका म्हणत होत्या की पोटातलं बाळ वेगळं करायला हवं. अव्वा म्हणाली, "राहू द्या. दोघं एकमेकांना धरून राहतील."

तिची लेक आमच्याकडं आली. तीन वर्षांची होती. आम्ही तिला पुट्टी म्हणायचो, कानडीत लहान मुलीला म्हणतात तसं. आई देवाकडं गेली हे तिनं फार लवकर मानलं. वडलांचं मात्र मानेना. "अप्पा कामावरनं कधी येणार?" असं रोज दिवेलागणीला विचारायची. गड्ड्याच्या यात्रेत मी तिला साखरेची गाठी घेऊन दिली, तर अर्धी खाऊन उरलेली अर्धी फ्रॉकच्या खिशात ठेवली, अप्पासाठी. दादानं, माझ्या भावानं, ती खिशातून काढून रस्त्यावर फेकली. पुट्टी रडली नाही, त्याच्याकडं बघत राहिली. रडला तो दादाच, घरी येऊन, न्हाणीत.

हायकोर्टानंही फाशी कायम केली. त्यानंतर एक दिवस मेहुण्याची आई आली. तिच्या गावाहून, कुंभारीहून, चालत आली असावी, पाय धुळीनं भरले होते. उंबऱ्याबाहेरच बसली. दादा आतून ओरडला, "उठा हितनं! लाज न्हाई वाटत?"

"वाटतीया की," म्हातारी म्हणाली. "लाज वाटतीया म्हनूनच भाईर बसली हाय."

अव्वानं तांब्याभर पाणी आणून तिच्यासमोर ठेवलं. म्हातारीनं ते घेतलं नाही.

"ताई, माझ्या लेकानं मारलं. मी न्हाय म्हनत न्हाय. त्यो निर्दोष हाय असं मी कुनालाबी सांगितलं न्हाय. वकील म्हनला, पोरीच्या आईबापानं लिवून दिलं तर दिल्लीवाले दया करत्यात. मला मागाया तोंड न्हाय. पन दुसरीकडं कुटं जाऊ?"

"माझी पोर गेली," अव्वा म्हणाली.

"व्हय. माझी सून गेली. पोटातलं नातवंड गेलं. लई गुणाची हुती." मग तिनं विचारलं, "पोरगी कशी हाय?"

पुट्टी माझ्यामागं उभी होती. आजीला तिनं ओळखलं आणि पळत जाऊन तिच्या मांडीवर बसली. म्हातारीनं तिला हात लावला नाही. दोन्ही हात जमिनीवर टेकून तशीच बसून राहिली, जणू हात उचलले तर कुणी रागवेल. शेवटी अव्वाच म्हणाली, "घ्या की तिला जवळ."

त्यानंतर लिहून द्यायचं की नाही यावरून घरात रोज वाद चालायचा. अण्णा नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होते. उभ्या आयुष्यात त्यांनी पोरांवर छडी उगारली नव्हती. पण ते ठाम होते.

"तो जगला तर तिच्या जिवाची किंमत काय राहिली?" ते म्हणाले. "उद्या कुणीही उठेल, बायकोला मारेल, चौदा वर्षं भाकरी खाऊन बाहेर येईल. ही शिक्षा रागानं दिलेली नाही. शिकलेल्या माणसांनी विचार करून दिली आहे."

"तेच मला कळंना," अव्वा म्हणाली. "रागाच्या भरात जीव घेतला तर माणूस चुकलं म्हणता येतं. दिवस ठरवून, आंघोळ घालून, जेवू घालून मारायचं, आणि मारणारे सगळे शहाणे!"

"त्यानं तरी रागात मारलं का? मारून कामावर गेला तो."

"म्हणून आपणबी तसंच करायचं?"

दादा मध्ये पडला. "विंचू निघाला तर मारतोच की आपण, अव्वा. पाप लागतं का? हा बाहेर आला तर पुट्टीवर हक्क सांगेल. मग काय करशील?"

"विंचू घरात फिरत असतो तवा मारतोस. बाटलीत घालून बूच लावल्यावर कशाला मारशील?"

दादा चपला घालून बाहेर निघून गेला. पण त्याचा राग खरा होता, आणि मी मनातून त्याच्याच बाजूची होते. कॉलेजात जाताना, तळ्याच्या काठानं चालताना मी मेहुण्याची फाशी डोळ्यांसमोर आणायची. मला त्यातून बरं वाटेल असं वाटायचं. अव्वा त्याची बाजू घेते म्हणजे अक्कावर तिचं प्रेम कमी होतं की काय, असंही एकदा मनात येऊन गेलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं.

अव्वा तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"ती इथंच राहू दे म्हणाली होती," ती म्हणाली. "माझ्याच तोंडानं मी तिला जा म्हणलं. त्यानं मारलं खरं, पण त्याच्या घरी परत कुणी धाडलं? त्याला फासावर देऊन मी मोकळी होईन असं तुला वाटतंय? मला मोकळं व्हायचं न्हाई. आणि ही पोर मोठी होईल. तुझ्या बापानं तुझ्या आईला मारलं, हे तिला सांगावं लागणारच. त्यावर आणखी, तुझ्या आजी-आजोबांनी तुझ्या बापाला मरू दिलं, हे कुणी सांगायचं? तू सांगशील?"

अण्णा बाहेरच्या खोलीत होते. त्यांनी हे ऐकलं असणार. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून, कपाळावर विभूती तशीच असताना, कागद घेऊन बसले. अव्वाला हाक मारली.

"माफ केलं असं मी लिहिणार नाही," ते म्हणाले.

"लिहू नका. मीबी केलेलं न्हाई. मरेपर्यंत करणार न्हाई."

"मग काय लिहू?"

"जीव घेऊ नका, एवढंच लिहा. पोरीसाठी."

अण्णांचं अक्षर मोत्यासारखं होतं. फळ्यावर ते लिहायचे तेव्हा दुसऱ्या वर्गाची पोरं बघायला यायची. त्या कागदावरच्या ओळी वाकड्या आल्या. अव्वानं खाली आपली सही केली. दादा सही करणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, त्याला कुणी विचारलंही नाही. तेच त्याला फार लागलं. त्याच महिन्यात त्यानं पुण्याला नोकरी धरली. जाताना अण्णांच्या पाया पडला, पण त्यांच्याशी बोलला नाही.

वर्ष उलटून गेल्यावर वकिलाचा माणूस सांगत आला की फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. आमच्या पत्रानं झाली की आणखी कशानं, ते कधी कळलं नाही. अण्णांनी मान हलवली आणि चष्मा पुसत बसले. मला वाटलं, अव्वाला हायसं वाटेल. ती परसात गेली. मी मागोमाग गेले तर ती धुण्याच्या दगडावर बसून रडत होती. अक्का गेली तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. हुंदका आतून यायचा आणि अर्ध्यात अडकायचा.

"अव्वा, तुलाच हवं होतं ना हे?"

"व्हय," ती म्हणाली. "हवंच होतं." तिनं पदर तोंडात कोंबला. मग म्हणाली, "आता तो म्हातारा होईल गं. त्याचे केस पिकतील. माझी पोर तेवढीच राहिली."

मी तिला जवळ घेतलं. त्यापलीकडं मला काही करता आलं नाही. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की त्याला मरू द्या म्हणणाऱ्या आम्हा सगळ्यांपेक्षा त्याचा जास्त राग हिच्याच मनात होता. राग असताना, तो जराही कमी झालेला नसताना, तिनं त्याचा जीव मागितला होता. हे बरोबर केलं की चूक, हे ती पुढं कधी बोलली नाही. एखाद्या दिवशी कानडीत स्वतःशीच पुटपुटायची, मी विचारलं की उठून कामाला लागायची. तिला झोप अशी लागलीच नाही कधी. पाच-सहा वर्षांत ती गेली. त्या आधी अण्णा गेले. दादा दोघांच्याही मातीला आला आणि माघारी गेला.

पुट्टीला मी वाढवलं. तिला सगळं कळत्या वयात मीच सांगितलं. आजीनं काय केलं तेही, मामाचं म्हणणं काय होतं तेही. तिनं विचारलं, "मावशी, तुला काय हवं होतं?"

"तो मरायला हवा होता," मी म्हणाले.

तिनं हात माझ्या हातावर ठेवला. पुढं तो सुटून कुंभारीला आल्याचं कळलं तेव्हा ती एकटीच जाऊन आली. मी नको म्हणाले नाही, चल मीही येते असंही म्हणाले नाही. परत आली, पाय धुतले, जेवायला बसली. मी वाढत होते. ताटाकडं बघतच ती म्हणाली, "माझं कपाळ त्याचं आहे, मावशी. डोळेही. मला माहीत नव्हतं."

आणि तिनं ताट बाजूला सारलं.