वहाब मास्तरचा खर्ज

गोंडपिपरीच्या वहाब मास्तरनं बँड काढला तो पन्नास साली. कामठीच्या पलटणीनं मोडीत काढलेला पितळेचा मोठा भोंगा त्यानं बैलगाडीत घालून आणला आणि त्या भोंग्याभोवती पाच माणसं गोळा केली. सगळ्यांना लाल कोट शिवले. पाठीवर पिवळ्या दोऱ्यानं ‘मास्टर’ मात्र स्वतःच्याच कोटावर भरून घेतलं. आता एवढा मास्टर म्हटल्यावर माणसानं हातात क्लारनेट धरावा की नाही? पण छे! याचं म्हणणं, गाणं उभं राहतं ते खर्जावर, तळाच्या जाड सुरावर. बाकी सगळं वरचं लिंपण.

गाव लिंपणावरच खूष होतं. पान, विडी, शाबासकी, सगळं क्लारनेटवाल्या इनायतला. वरातीतली माणसं त्याच्यापुढं नाचत, आणि मास्तर मागं गाल फुगवून, घामानं निथळत, भों भों करत चाले. बायको सुलताना तर तोंडावर सांगे, तुमचं वाजवणं न् म्हशीचं रवंथ सारखंच, चालू का बंद ते कळतच नाही. मास्तरच्या जिवाला हे फार लागे. एकदा, फक्त एकदा गावानं आपला खर्ज ऐकावा, एवढीच त्याची तगमग होती.

चोपन्न साली गुणवंतरावांच्या पोरीचं लगीन निघालं. गुणवंतराव म्हणजे मालगुजारी, गावची जमीनदारी, गेली तरी मिशीचा पीळ न गेलेले. मांडवात ही गर्दी! मागच्यांना ना भटजी दिसे ना नवरी. बँड वाजला की लगीन लागलं समजायचं आणि अक्षता फेकायच्या, हा आपल्याकडचा रिवाजच. मास्तरनं तोच मोका हेरला. हुकूम सोडला, की शेवटच्या ‘सावधान’ला आधी मी एकटा वाजवीन, तुम्ही गप उभं राहायचं. इनायतनं डोळे फिरवले, पण बँड पडला मास्तरचा.

‘सावधान’ झालं. मास्तरनं छाती भरून, सारा जीव ओतून लांबलचक खर्ज लावला. मागचे दचकलेच. असा हंबरडा गावात एकच वस्तू फोडे, चांद्याला माणसं नेणारी सर्व्हिस मोटार. आणि ती दिवसातून एकदाच! झालं, अर्धं वऱ्हाड गाठोडी उचलून सडकेकडं पळत सुटलं. अक्षता सडकेवर सांडल्या, मोटारीचा पत्ता नाही, आणि मांडवात नवरा-नवरी माळा घालून एकमेकांकडं बघत उभे.

गुणवंतराव शांतपणे जवळ आले. म्हणाले, “वहाबभाऊ, यापुढं बँड येऊ द्या. तुमी घरीच राहा.”

गावानं तेवढाच शब्द झेलला. सुपाऱ्या इनायतकडं जाऊ लागल्या, मास्तर सोडून. मास्तर दोन महिने खाटेवर बसून भोंगा चिंचेनं घासत राहिला.

एका दुपारी वरात त्याच्याच दारावरून गेली. इनायत नुसता पेटला होता. सुलताना ओले हात पुसत दाराशी आली आणि ऐकत उभी राहिली.

“काऊन जी,” ती म्हणाली, “आज बँड असा पोकळ काऊन लागून राह्यला?”

मास्तरला हुंदकाच आला. त्यानं भोंगा गळ्यात अडकवला आणि तसाच, लुंगी-बनियनवर, अनवाणी धावला. वरातीच्या शेपटाला लागून त्यानं खर्ज भरला. पुढं गाणं एकदम उभं राहिलं, नाचणाऱ्यांचे पाय जोरात पडू लागले. कोणी मागं वळून पाहिलं नाही.