इंग्रजी किटलीवर निघोजे

निघोज्यात अर्जुनरावांचा बंगला कुठला म्हणून विचारलं, तर शेंबडं पोरही सांगायचं, ‘म्युझियमवाला ना? तो काय!’ म्युझियम वगैरे काही नव्हतं. जमीन कंपनीत गेली तेव्हा आलेल्या पैशातून बांधलेला साधा दुमजली बंगला. पण त्याच्या दिवाणखान्यात जे मांडलं होतं, ते पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. दहा माणसं ऐसपैस जेवायला बसतील असं महोगनीचं टेबल, त्याच्या पायांना पितळी सिंहाचे पंजे आणि पंज्यांखाली चक्क चाकं. ढालीच्या आकाराच्या पाठीच्या खुर्च्या. भिंतीलगत पोट पुढे काढून उभं असलेलं एक लांबलचक कपाट, आणि त्यावर चांदीचा चहाचा संच. किटली, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं. सगळं अस्सल इंग्रजी, तिसऱ्या जॉर्ज राजाच्या काळातलं.

ही हौस अर्जुनरावांच्या मुलाची, प्रीतमची. चाकणच्या मोटारींच्या कंपनीत तो इंजिनिअर होता. कंपनीनं ट्रेनिंगला विलायतेला धाडलं, तिथं कुणा साहेबाच्या घरी असलं सामान बघितलं आणि गडी वेडाच झाला. परत आल्यावर पुण्यात एका जुन्या बंगल्याचं सामान विकायला निघालं होतं, ते त्यानं उचललं. ‘‘तात्या, आपल्याकडं सवाई माधवराव गादीवर होते ना, तेव्हाचं आहे हे,’’ तो बापाला सांगायचा. गोजाबाई, म्हणजे प्रीतमची आई, त्या खुर्चीवर एकदाच बसली. पाय जमिनीला टेकेनात म्हणून हसत हसत उतरली आणि ताट घेऊन स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसली.

आणि पुढं काय झालं, तर प्रीतमला तिकडंच नोकरी लागली. बायकोला, मोनिकाला, घेऊन तो गेला. पठ्ठ्यानं इंग्लंड निघोज्यात आणून ठेवलं आणि स्वतः इंग्लंडला जाऊन राहिला. आता याला काय म्हणावं!

मागं राहिली दोघं म्हातारी. मग गोजाबाईही देवाघरी गेली आणि त्या सामानाला एकटे अर्जुनराव उरले.

दर रविवारी दुपारी प्रीतमचा व्हिडिओ कॉल यायचा. अर्जुनराव सकाळपासून तयारीला लागायचे. टेबलावर ओलं फडकं मारायचं नाही, मेण लावून मऊ कापडानं घासायचं. चांदीला चिंच नाही, राख नाही, त्यानं पाठवलेली पांढरी पूडच. उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून टेबलाखाली पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवायचं. ज्या माणसानं जन्मभर नांगराच्या फाळाशिवाय काही घासलं नव्हतं, तो माणूस आता कापसाच्या बोळ्यानं खुर्चीच्या नक्षीतली धूळ टिपत होता. गावातले म्हातारे पाराशी बसून चेष्टा करायचे, ‘‘अर्जुनराव, टेबलाला न्हाऊ घातलं का न्हाई आज?’’ अर्जुनराव हसण्यावारी न्यायचे. त्यांना काय कळणार होतं!

फोन आला की प्रीतम म्हणायचा, ‘‘कॅमेरा फिरवा तात्या. खाली घ्या. पाय दिसू द्या.’’ पाय म्हणजे टेबलाचे. मग तो इथली फट बघायचा, तिथला डाग बघायचा, ‘‘पडदा ओढून घ्या, ऊन येतंय’’ म्हणायचा. अर्धा-अर्धा तास बोलणं चालायचं. त्यात अर्जुनरावांचा गुडघा कधी आला नाही, रक्तदाब कधी आला नाही. पण पोराचा आवाज घरात घुमायचा, आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत त्यांना तेवढ्यावर निभवता यायचं. पोराचा जीव या सामानात आहे, आणि सामान आपल्याजवळ आहे, म्हणजे पोरही कुठं जात नाही, असा त्यांनी मनाशी हिशेब बांधला होता.

गोजाबाईच्या वर्षश्राद्धाला प्रीतमला रजा मिळाली नाही. भावकी मात्र सगळी जमणार होती. आता गावात असं काही असलं की भांडी घरोघरची एकत्र होतात. कुणाचं पातेलं कुणाकडं, कुणाची कळशी कुणाकडं. पण महिन्या-दोन महिन्यांनी का होईना, जो तो ज्याचं त्याचं आणून देतो, कारण भांड्यावर नाव घातलेलं असतं, गावासकट. नाव नसलेलं भांडं गेलं की गेलं. अर्जुनरावांच्या घरात चमच्यापासून हंड्यापर्यंत एक वस्तू बिननावाची नव्हती. नव्हती म्हणजे, एवढी चांदीच तेवढी होती.

त्यांनी ती पंच्यात गुंडाळली आणि चाकणला भांड्यांच्या दुकानात नेली. किटलीच्या एका अंगाला नक्षीची वेलबुट्टी होती, तिच्या मधल्या गोलात कुणा इंग्रजाची आद्याक्षरं कोरलेली होती. दुसऱ्या अंगालाही तसाच गोल होता, पण कोरा. दोनशे वर्षं तिथं कुणी नाव घातलं नव्हतं.

‘‘काय घालू, अर्जुनराव?’’ मशीन हातात घेऊन दुकानदारानं विचारलं.

वस्तू ज्याची, नाव त्याचं. ‘‘घाल, प्रीतम अर्जुनराव, निघोजे.’’

टकटक करत मशीननं टिंबाटिंबांची अक्षरं उठवली. दुधाच्या भांड्यावर, साखरेच्या भांड्यावर तेच. घरी येऊन त्यांनी नावाची बाजू भिंतीकडं करून संच जागेवर मांडला. पोरगा स्वतः येईल तेव्हाच त्याला दाखवायचं ठरवलं. तो किती खूश होईल हे मनात आणून ते एकटेच हसले.

यंदा उन्हाळ्यात एका रविवारी प्रीतमनं कॅमेरा फिरवायला सांगितलाच नाही. ‘‘तात्या, आम्ही इथं घर घेतोय. पैसे कमी पडतायत. ते सगळं विकून टाकू या. तशीही इथं असली टेबलं गल्लोगल्ली दिसतात.’’

‘‘राहू दे की. मी हाय की बघायला,’’ अर्जुनराव म्हणाले.

‘‘तेच तर. तुम्हाला या वयात किती त्रास.’’

‘‘तरास कसला त्यात? तरास न्हाई मला,’’ ते म्हणाले. टेबल गेलं तर तू रविवारी मला काय विचारशील, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बापानं मुलाला असलं काही विचारायची त्या घरात रीत नव्हती. वस्तू त्याची होती. ते ‘‘बरं’’ म्हणाले.

पुण्याच्या कॅम्पातून विजयश्री नावाच्या बाई आल्या. जुन्या सामानाचा व्यापार करणाऱ्या, बोलायला गोड. बरोबर टेम्पो आणि चार माणसं. त्यांनी टेबलाखाली वाकून बॅटरी मारली, हात फिरवला आणि मान डोलावली. ‘‘काका, फार छान ठेवलंय हो तुम्ही.’’ मग भिंग लावून किटलीच्या बुडाशी बघितलं. चालता सिंह होता, राजाचं डोकं होतं, म्हणजे अस्सल जुन्या इंग्रजी चांदीचे छाप. खूश होऊन त्यांनी किटली फिरवली आणि थांबल्या. प्रीतम त्यांच्या फोनवर होताच. त्यांनी फोन किटलीसमोर धरला.

‘‘तात्या, हे काय आहे?’’ प्रीतम ओरडला.

‘‘तुझं नाव हाय.’’

‘‘माझं? जॉर्जियन चांदीवर निघोजे? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?’’

‘‘भांड्यावर नाव नको व्हय? हरवलं बिरवलं तर परत कसं येणार?’’

विजयश्रीबाईंना हसू येत होतं, पण त्यांनी ते आवरलं. समजावून म्हणाल्या, ‘‘काका, हे आता कोणी जुनं म्हणून घेणार नाही. खोडलं तर पत्रा पातळ होतो. नुसत्या चांदीच्या भावात जाईल.’’

‘‘पल्याडच्या अंगाला बी नाव हाय की,’’ अर्जुनराव म्हणाले.

‘‘ते त्या काळचं आहे. त्यानं किंमत वाढते.’’

‘‘त्येंच्या नावानं वाढती, आन आमच्या नावानं उतरती व्हय?’’

प्रीतम म्हणाला, ‘‘राहू द्या मॅडम, चांदी सोडा. फर्निचर घेऊन जा.’’ आवाजात राग होता. अर्जुनरावांना त्या रागाचं वाईट वाटलं नाही. स्वतःचं नाव बघून पोराला आनंद झाला नाही, याचं फार वाईट वाटलं.

माणसांनी टेबलाचे दोन भाग केले, घोंगड्यांत गुंडाळले. खुर्च्या एकेक करून गेल्या, कपाटही गेलं. अर्जुनरावांनी सगळ्यांना चहा पाजला, ‘‘जपून न्या, दाराला कोपरा लागंल,’’ म्हणत टेम्पोपर्यंत गेले. आत आले तर त्यांच्या खाकरण्याचाही आवाज भिंतीवर आपटून परत येत होता.

रविवारी त्यांनी सवयीनं लवकर अंघोळ केली. पुसायला टेबल नव्हतं. दुपारी फोन उशाशी घेऊन पडले. फोन वाजला नाही. घर घेण्याच्या धावपळीत असेल, त्यांनी स्वतःची समजूत घातली. पुढच्या रविवारी पैसे पोचल्याचा दोन ओळींचा मेसेज आला, खाली हात जोडल्याचं चित्र. त्याच्या पुढच्या रविवारी तेही नाही. भीती वाटत होती तेच झालं होतं. त्यांना एकटं वाटत होतं, अगदी अन्न गोड लागू नये इतकं. पण हे सांगायचं कुणाला? पाराशी बसलेल्यांना सांगितलं असतं तर त्यांनी टेबलावरूनच चिडवलं असतं.

शेवटी एका संध्याकाळी अर्जुनरावांनी स्वतःच फोन लावला. इतक्या वर्षांत त्यांनी कधी लावला नव्हता, गोजाबाई गेली तेव्हाही भावकीतल्या कुणी तरी लावला होता.

‘‘तात्या? काय झालं?’’ प्रीतमचा आवाज घाबरा झाला होता.

‘‘काय न्हाई.’’

‘‘बरं आहे ना सगळं? दवाखान्यात आहात का?’’

‘‘घरीच हाय.’’

‘‘मग फोन का केला?’’

तो वाईट अर्थानं विचारत नव्हता, हे अर्जुनरावांना कळत होतं. फोन कशासाठी करायचा असतो, याचं दोघांनाही एकच कारण ठाऊक होतं, ते सामान, आणि ते आता उरलं नव्हतं.

‘‘उगंच. तुझ्याशी बोलू वाटलं.’’

पलीकडं खुर्ची सरकल्याचा, दार लावून घेतल्याचा आवाज आला. ‘‘बोला ना, तात्या.’’

बोला म्हटल्यावर अर्जुनरावांची पंचाईत झाली. मेणाचं बोलायचं तर मेण संपलं होतं, उन्हाचं बोलायचं तर पडदे सताड उघडे होते. गुडघ्याचं सांगावं, तर इतकी वर्षं सांगितलं नाही ते आज एकदम कुठून काढायचं? त्यांनी दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

‘‘घर लई मोठं झालंय रे,’’ ते म्हणाले.

प्रीतमला यावर काय बोलावं ते सुचलं नाही. पण त्यानं फोन ठेवला नाही.