कॅसेटमधली बाई

ती कॅसेट मला वसईजवळच्या उमेळे गावातल्या एका मित्राने भरून दिली. त्याच्याकडे गिटार होती आणि आखातातून गाणी पाठवणारा मामेभाऊ होता. माझ्याकडे एव्हरशाईन कॉलनीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये नुसता टेपरेकॉर्डर. कुठल्याशा इंग्रज बँडचा अल्बम. गिटारींचा असा काही गदारोळ की गाणारी बाई त्याखाली पार दबून गेलेली. आई म्हणाली, "यापेक्षा मिक्सर परवडला. निदान चटणी तरी होते."

मला मात्र वेड लागलं होतं. ती बाई काय म्हणते ते शोधत मी टेपला कान लावून बसायचो, आणि हाती काहीच लागायचं नाही. मित्राने चर्चच्या सणाला तसंच वाजवून पाहिलं, तर माईकवाला बिचारा शेवटपर्यंत गाणाऱ्याचाच आवाज वाढवत राहिला.

त्याच सुमारास बाबांचे कान गेले. वसई पूर्वेच्या एका गाळ्यात त्यांनी आयुष्यभर पॉवर प्रेसवर पत्रा ठोकला, त्याचं हे बक्षीस. कानाचं मशीन आणलं, तर पंखा, कुकर, खालच्या रिक्षा सगळंच मोठं झालं. आमचं बोलणं त्यात होतं तसंच बुडालेलं. मशीन शोकेसमध्ये जाऊन बसलं. बाबा हळूहळू बोलेनासे झाले. मी ओरडून काही सांगितलं की ते नुसती मान डोलवत, आणि मला चीड यायची. त्यांची नाही, आपल्याला काही म्हणजे काही करता येत नाही याची.

एका रविवारी त्यांनी माझ्या कानावरचे हेडफोन मागितले. मी आवाज पूर्ण वाढवून दिला. एक बाजू संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग हेडफोन काढून म्हणाले, "आत कोणीतरी बोलतंय. तुम्ही सगळे मला असेच ऐकू येता."

मी कॅसेट उलटी करून हेडफोन पुन्हा त्यांच्या हातात दिले. काही बोललो असतो तरी त्यांच्यापर्यंत पोचलं नसतं.

पुढे सीडी आली, कॉम्प्युटर आला, नवी पोरं बँड काढून त्याच अल्बमची नक्कल करू लागली. त्यात एवढं काय आहे असं कोणी विचारलं, की मी गिटारींबद्दल काहीबाही सांगून वेळ मारून नेतो. बाबा मात्र जेवण झालं की तीच कॅसेट लावायला सांगत. एकदा मी कॅसेटकडे बोट दाखवून हातानेच विचारलं, रोज हीच का?

"बरं वाटतं," ते म्हणाले. "हिचं तुलाही कळत नाही ना."