तीन मुलांचा फरक

जगातल्या छोट्या देशांवर नजर ठेवण्याचं काम सुप्रभा देवधरकडे आलं, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं.

नॉटिंगहॅममध्ये एका कार्पेटच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एक संस्था चालते. मुलांच्या हक्कांच्या करारावर जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी सह्या केल्या आहेत, आणि सही केलेल्या प्रत्येक देशाला दर काही वर्षांनी जिनिव्हाच्या समितीपुढे उभं राहून आपण काय केलं ते सांगावं लागतं. देश आपला अहवाल स्वतःच लिहितो, त्यामुळे तो चांगला असतो. म्हणून अशा संस्था दुसरा अहवाल लिहितात. संस्थेतल्या तरुण मंडळींना मोठे देश हवे असत, ज्यांच्यात युद्ध असतं, तुरुंग असतात. संस्थेची प्रमुख रूथ हिनं सुप्रभाला आठवड्यातून तीन दिवसांसाठी घेतलं आणि जिथे काही घडत नाही असे सगळे देश तिच्या टेबलावर ठेवले.

सुप्रभाची काही तक्रार नव्हती. ती एकोणसाठ वर्षांची होती. नवरा यतीन फार्मसिस्ट होता, त्याच्याबरोबर सांगलीहून इथे येऊन तीस वर्षं होऊन गेली होती. त्यातली बावीस वर्षं तिनं कौन्सिलमध्ये एकच काम केलं: शाळेच्या पटावर असायला हवीत पण नाहीत अशी मुलं शोधायची. कुणी घर बदललेलं असे, कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत घरी बसलेलं असे. ती दार ठोठावायची, चहा घ्यायची आणि पटावर नाव घालूनच उठायची. निवृत्त झाल्यावर तिनं बागकाम करून पाहिलं. ते चार महिने टिकलं.

त्या वर्षी तिच्याकडे एक बेट आलं. त्याचं नाव इथे सांगत नाही. वस्ती चाळीस हजार. नाव सांगितलं तर त्यातले निम्मे लोक उरलेल्या निम्म्यांना विचारतील, हे तूच सांगितलंस का.

बेटाचा अहवाल चौऱ्याऐंशी पानांचा होता आणि मुखपृष्ठावर मुलं हसत होती. आत तक्ते होते. आकडा पाचाहून कमी असेल तर छापायचा नाही, त्याऐवजी तारा द्यायचा, असा नियम होता. नियम समंजस होता, कारण एवढ्याशा जागी 'दोन' म्हटलं तरी ते दोघं कोण हे सगळ्यांना कळतं. पण छोट्या देशात सगळेच आकडे पाचाच्या आत असतात. आईवडिलांपासून दूर ठेवलेली मुलं: तारा. कोठडीतली मुलं: तारा. मुलांनी केलेल्या तक्रारी: तारा. उन्हाळ्यात गच्चीवर झोपल्यासारखं सुप्रभाला वाटलं.

मग तिनं जुन्या सवयीनं पट काढला. एका तक्त्यात शाळेच्या वयाची मुलं पाच हजार दोनशे सात होती. वीस पानं पुढे शाळेत जाणारी मुलं पाच हजार दोनशे चार. अहवालात लिहिलं होतं की शंभर टक्के मुलं शाळेत जातात, आणि टक्क्यांच्या भाषेत ते बरोबरच होतं. रूथ म्हणाली की तीन म्हणजे छपाईची चूक असणार. सुप्रभाला बावीस वर्षांत पटावर छपाईच्या चुका पुष्कळ सापडल्या होत्या आणि प्रत्येक चुकीला एक आई होती. तिनं बेटावरच्या मंत्रालयाला ईमेल पाठवला.

दुसऱ्या दिवशी कॉर्बेल नावाच्या गृहस्थाचा फोन आला. तो मंत्रालयातला बालकल्याण अधिकारी होता. मासेमारीचे परवाने आणि पोस्टाची तिकिटंही त्याच्याकडेच होती. बालकल्याण विभागाविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारीही तोच होता. वर्षभरात त्याच्याकडे त्याची एकही तक्रार आली नव्हती. माणूस सभ्य होता. तीन मुलं आहेत, पण बेटावर नाहीत, असं त्यानं सरळ सांगितलं. दोघं उपचारांसाठी आईबरोबर परदेशी होती, ती महिन्याभरात परत येणार होती. तिसरी एक मुलगी होती. बेटावर अशा मुलांसाठी संस्था नाही, म्हणून तिला इंग्लंडमध्ये ठेवलं होतं.

"इंग्लंडमध्ये कुठे?" सुप्रभानं विचारलं.

"तुमच्याच बाजूला. नॉटिंगहॅमपासून पाऊण तासावर."

म्हणजे बेटाच्या शाळांच्या तक्त्यात ती नव्हती, कारण ती बेटावर नव्हती. इंग्लंडच्या तक्त्यात नव्हती, कारण ती इंग्लंडची नव्हती. सुप्रभानं तिला भेटण्याची परवानगी मागितली. ती द्यायचा अधिकार पालकांचा, आणि कागदोपत्री मुलीचा पालक बेटाचं सरकार होतं, म्हणजे बालकल्याणाचं काम बघायच्या मंगळवारी-गुरुवारी कॉर्बेल. त्यानं सही केली. सुप्रभानं परत लिहिलं की मुलीलाही विचारा. या उत्तराला आठ दिवस लागले. मुलगी 'हो' म्हणाली होती.

मुलीचं नाव मरीत, वय पंधरा. आई आजारी पडली तेव्हा ती बाराची होती आणि घरातून सारखी पळून जायची. परक्या मुलांना घरी ठेवणारी बेटावर दोनच कुटुंबं होती. एक तिच्या हेडमास्तरीणबाईंचं, ज्यांच्याशी तिचं भांडण होतं. दुसरं त्या पोलिसाचं, जो तिला दरवेळी पकडून आणायचा. म्हणून सहा महिन्यांसाठी तिला इंग्लंडला पाठवलं. त्याला आता दोन वर्षं सात महिने झाले होते. दरम्यान आई गेली. अंत्यसंस्काराला मरीतला नेलं होतं आणि चौथ्या दिवशी परत आणलं होतं.

सुप्रभा तिला भेटायला गेली, तेव्हा ती राहत होती त्या घरात नाव ठेवायला जागा नव्हती. खोली उबदार, जेवण बरं, सांभाळणाऱ्या बायका मायाळू. मरीतचं इंग्रजी आता तिथल्या मुलांसारखंच झालं होतं. बेटाची बोली मात्र तिथे कुणालाच येत नव्हती. ती फक्त रविवारी मावशीशी फोनवर बोलताना वापरायची, आणि हल्ली मध्येच शब्द अडायचे, असं तिनं सांगितलं. हे सांगताना ती खिडकीबाहेर बघत होती.

सुप्रभानं पेन काढलं नाही. तिनं विचारलं, "तुला काय हवं आहे?"

मरीत म्हणाली, "हे तुम्ही लिहून घेणार?"

"तू लिहा म्हणशील तेवढंच."

"मग लिहा. मला मावशीकडे राहायचंय. पण जूनमधली परीक्षा झाल्यावर. माझं सायन्स चांगलं आहे." मग ती म्हणाली, "कुणी नाही म्हटलेलं नाही हो. कुणी विचारलंच नाही."

सुप्रभा बसनं घरी आली. संध्याकाळी तिच्या मुलीचा, तनयाचा, ब्रिस्टलहून फोन आला. तनया तिथे विमानांच्या पंखांवर काम करते. तिचं मराठी घरात शिकलेलं, लिंगांच्या बाबतीत उदार. "आई, आज माझा भाजी एकदम करपला," ती म्हणाली. एरवी सुप्रभानं तिथल्या तिथे सुधारलं असतं. त्या दिवशी तिनं भाजीची सगळी हकिकत शेवटपर्यंत ऐकून घेतली, आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ स्वयंपाकघरात तशीच उभी राहिली. यतीननं काय झालं विचारलं, तर म्हणाली काही नाही, डाळ शिजतेय.

दुसऱ्या दिवशी तिनं कॉर्बेलला फोन करून विचारलं की मावशीला कधी विचारलं होतं का.

"ती माझ्या बायकोच्या बेकरीत कामाला आहे," तो म्हणाला.

"मग तर सोपं आहे."

"म्हणूनच अवघड आहे, मिसेस देवधर. मी विचारलं आणि ती नाही म्हणाली, तर रोज सकाळी तिचं तोंड चुकवत पाव आणायचा. तीही माझं तोंड चुकवणार. आमच्याकडे दुसरी बेकरी नाही."

सुप्रभाला राग यायला हवा होता. पण हे खरं आहे हे तिला कळत होतं, आणि एका मुलीची अडीच वर्षं पावावर अडली आहेत हेही तितकंच खरं होतं. तिनं त्याला सांगितलं की ती हे अहवालात लिहिणार आहे. बेकरीचं नाही, बाकीचं. लिहायला हवंच, असं तो म्हणाला.

तिनं एकच परिच्छेद लिहिला. मुलीचं नाव नाही, वय नाही. घरापासून दूर ठेवलेल्या मुलाचा ठरावीक काळानं आढावा घ्यायचा, त्याचं म्हणणं ऐकायचं, त्याची भाषा सांभाळायची, हे करारात आहे. परदेशी पाठवलेल्या मुलांबाबत बेट ते कसं करतं, एवढंच विचारलं. रूथ म्हणाली परिच्छेद जरा कोरडा आहे. सुप्रभा म्हणाली, असू दे.

जानेवारीत जिनिव्हाची सुनावणी झाली. सुप्रभानं ती ऑफिसात लॅपटॉपवर पाहिली, समोर मटकीच्या उसळीचा डबा उघडून. बेटाच्या वतीनं चौघं बसले होते आणि शेवटच्या खुर्चीत कॉर्बेल. समितीतल्या एका बाईंनी तो प्रश्न जवळजवळ तसाच वाचला. बेटाच्या मंत्र्यांनी माईक कॉर्बेलकडे सरकवला. गोपनीयतेचं कारण देऊन तो सुटू शकला असता.

"हो, असं एक मूल आहे," तो म्हणाला. "दर सहा महिन्यांनी आढावा घ्यायचा होता. शेवटचा मी दोन वर्षांपूर्वी घेतला. फोनवर. सात मिनिटं."

मंत्र्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास उचलला. सुप्रभाची उसळ गार झाली होती.

मार्चमध्ये कॉर्बेल स्वतः आला आणि मरीतबरोबर अख्खी दुपार बसला. सुप्रभा त्या बैठकीला नव्हती. तिथे तिचं काही काम नव्हतं. परतताना तो तिला स्टेशनवर भेटला. मोठ्या चणीचा, भिजलेल्या कोटातला माणूस. मावशीला त्यानं शेवटी बेकरीतच विचारलं होतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत ती 'हो' म्हणाली आणि मग त्याला म्हणाली की तुम्ही विचाराल म्हणून मी खोली रंगवून ठेवली, त्याला दोन उन्हाळे झाले. हे सांगून तो गाडी येईपर्यंत चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला.

बेटानं नियम बदलला. परदेशी ठेवलेल्या मुलांना आता दर सहा महिन्यांनी बाहेरचा माणूस जाऊन भेटतो. तक्रारी ऐकण्याचं काम कॉर्बेलकडून काढून घेतलं. ते आता ग्रंथालयातल्या एका बाईकडे आहे, आणि पहिल्याच वर्षी अकरा तक्रारी आल्या. रूथनं सुप्रभाला एक मोठा देश देऊ केला. सुप्रभानं सांगितलं की तिला इथेच बरं वाटतं.

मरीतनं जूनमध्ये परीक्षा दिली आणि जुलैत ती गेली. ऑक्टोबरात कॉर्बेलचं पत्र आलं. कळवण्याचं बंधन नाही, तरी कळवतो, असं वर लिहिलं होतं. सायन्समध्ये मरीतला चांगले गुण मिळाले होते. सगळं सुरळीत नव्हतं. मावशीशी तिचे खटके उडतात, दोनदा ती चिडून बंदरावर जाऊन बसली. पोलीस गेला नाही. मावशी गाडी घेऊन जाते, तिच्याशेजारी बसते, आणि मग दोघी आपल्या बोलीत भांडत भांडत घरी येतात.